पुष्पीची गोळी आणि बांधावरचा देव

॥ श्री ॥

दुसरबीड,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. वंदना हिस,
शालूचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल, तिकडची खुशाली कळवणे.

पत्र पाहून छाती धरून बसू नको. फोन असताना पत्र काऊन, तर माझं घर दीड खोलीचं. मी फोनवर बोलायले लागली का पुष्पी दाराआड उभी. सगळं टिपून घेते आन संध्याकाळी मलेच ऐकवते, का आत्या, मी डोक्याचा भुगा करते असं तू आईले म्हणली. डॉक्टरनं तुले सांगितलं होतं ना, पोरीसमोर पोरीच्या तक्रारी करायच्या नाही. शिवाय फोनवर तुझं-माझं दोन मिनिटांत वाजते आन मी फोन आपटते. कागद आपटता येत नाही. चौथी शिकलेली बाई आहे मी, अक्षराले हसू नको.

तुझे टाके सुकले का? बाळ पाठीवर झोपते का पोटावर? तान्हं लेकरू आन ही पळती पोरगी दोन्ही तुले झेपणार नाही म्हणून मीच पुष्पीले इकडं आणलं, त्याचा पस्तावा नाही. पण खरं सांगते, पंधरा दिवसांत घरातली एक वस्तू जागेवर राह्यली नाही. मेथीच्या जुड्या बांधायले बसवली तर चार बांधते, पाचवीची सुतळी हातात घेऊन कुठं जाते ते रामाले ठाऊक. इथल्या शाळेतल्या सारिका मॅडमनं तिले चौथीच्या वर्गात बसू देलं. मॅडम म्हणे, शालूबाई, पोरगी मुद्दाम नाही करत, तिच्या डोक्यात एकाच वेळी दहा रेडिओ वाजून राह्यले. मी म्हटलं, मग नऊ बंद करा ना. त्या हसल्या. म्हणे गोळी त्याच्यासाठीच आहे.

मागच्या शनिवारी संध्याकाळी शेळीच्या पिल्लामागं सडकेवर गेली. ट्रकवाल्यानं असा ब्रेक मारला का टायरचा वास घरापर्यंत आला. मी तिले एक ठेवून देली. मग घंटाभर मीच चुलीपुढं बसून राह्यली, तवा तापत घालून, भाकर थापायची सुध नव्हती.

आता गोळीचं. तोंडावर सांगते, मले पहिले पटलं नव्हतं. जागं ठेवायच्या जातीचं औषध आन तेही उड्या मारणाऱ्या पोरीले, म्हणजे पळत्या बैलाले तुतारीचा खिळा टोचल्यासारखं. पण पहिल्या आठवड्यात पाहिलं, फरक पडते. मॅडमही म्हणे पडते. पण मागच्या सोमवारी यायनं, म्हणजे तुझ्या भाऊजीनं, एसटी स्टँडवर कोणाच्या तोंडून ऐकलं का कॅप्सूलचं टरफल ढोराच्या हाडा-कातड्याचं करतात. यायच्या गळ्यात माळ, घरात अंडं येत नाही. म्हणे बंद करा ते औषध. मी म्हटलं बंद-बिंद काही होणार नाही, मी वंदनाले शब्द देला आहे. मग मीच अक्कल चालवली. टरफल उघडते, आतले बारीक मणी सहाणेवर घेते, मधात चांगले घोटून घोटून उगाळते, जशी तुझ्या नवऱ्याले, गोकुळले, लहानपणी मी गुटी चाटवली तशी चाटवते. पार लोणी होते. औषध अंगाले लागलं पाहिजे, नुसतं पोटातून जाऊन काय उपयोग.

पण तुझ्या डॉक्टरच्या औषधात दम नाही. सकाळी नुसतं वारं भरते, तोंड थांबत नाही, कपाळावर घाम. बारा वाजले का उतरते आन रडायले बसते. डबा जसाच्या तसा परत. त्याले विचार याच्यापेक्षा भारी काही आहे का.

बाळाले पापा. लोभ कमी झाला वाटला तर पत्रात लिही, फोन करू नको.

तुझी नणंद,
शालू


जळगाव जामोद,
१७ जानेवारी २०२५

ती. सौ. शालूताई यांस,
वंदनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं आणि त्याच मिनिटाला मी फोन केला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मी ओरडले, तुम्ही म्हणालात मी काय पोरीले विष चाटवून राह्यली का, आणि फोन आपटला. मी तीन वेळा लावला. शेवटी भाऊजींनी उचलला. म्हणाले ती वांग्याच्या शेतात जाऊन बसली आहे, बोलत नाही, पण सहाण धुऊन वर ठेवून दिली. तेवढं ऐकून माझा जीव खाली आला. आता शांतपणे लिहिते, तुम्हीही शांतपणे वाचा. वांग्यात बसून वाचलं तरी चालेल.

मी लगेच अकोल्याच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, त्या मण्यांवर थर असतो. काही मणी सकाळी विरघळतात, काही दुपारी, म्हणून एका कॅप्सूलवर शाळेचा दिवस निघतो. उगाळलं की दिवसभराचं औषध तासाभरात अंगात जातं. तुमच्या शेतातलं सांगते, वांग्याला ठिबकने दिवसभर जायचं ते पाणी एकदम पाट फोडून सोडलं, असं झालं. म्हणून सकाळी वारं भरतं आणि दुपारी ती उतरते. औषधात दम नाही असं नाही ताई, सगळा दम एकदम दिला गेला.

टरफलाची अडचण आधी सांगितली असती तर त्यांनी पहिल्याच दिवशी दुसरी गोळी लिहिली असती, टरफल नसलेली. आता लिहून देणार आहेत. तीही आख्खीच गिळायची, फोडायची नाही, चावायची नाही. सकाळी पोटभर भाकर खाल्ल्यावर द्यायची. दुपारनंतर कधीच नाही, नाहीतर झोप जाते. चहा देऊ नका, तुमचा तो काळाकुट्ट तर नाहीच. सर्दी झाली तर दुकानातलं औषध परस्पर देऊ नका, त्यातल्या काहींनी छातीचे ठोके वाढतात. डबी कुलपात ठेवा. महिन्यातून एकदा वजन, नाडी आणि बीपी बघून मला कळवा. हे सगळं पुष्पीला पाठवताना मी सांगायला हवं होतं. बाळाच्या गडबडीत चिठ्ठीवर फक्त "सकाळी एक" लिहून दिलं. ती चूक माझी.

पण हे सगळं नंतरचं. सध्या औषध पूर्ण बंद ठेवा, डॉक्टरांनीच सांगितलं आहे. त्यांना दोन गोष्टींचं उत्तर हवं आहे. पुष्पीच्या छातीत कधी धडधड झाली का, चक्कर आली का, दुखलं का? आणि घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं आहे का? दुसरा प्रश्न औषध सुरू करतानाच त्यांनी विचारला होता. आधीच हृदयात काही दोष असेल तर हे औषध धोक्याचं ठरू शकतं, म्हणून विचारतात. आमचे हे तेव्हा "कोणी नाही" म्हणाले होते. डॉक्टर म्हणाले, एकदा घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. मोठं माणूस तुम्हीच. आपल्याकडे तसं काही नाही हे मला माहीत आहे, पण विचारा म्हटलं म्हणून विचारते.

ट्रकचं वाचलं. औषध नाही तोवर सडकेजवळ तिचा हात सोडू नका.

रागावला असाल तरी माया आटू देऊ नका.

आपली,
वंदना


दुसरबीड,
२१ जानेवारी २०२५

चि. सौ. वंदना हिस,
अनेक आशीर्वाद.

तू मले ओरडली ते बरोबर ओरडली. हे एकदाच लिहून देते, कागद जपून ठेव, दुसऱ्यांदा मिळणार नाही.

पोरगी ठीक आहे. इथल्या दवाखान्यात नेली, नाडी पाहिली, बीपी पाहिलं, दोन्ही बरोबर म्हणे. गोळी बंद आहे. हात मी सोडत नाही. शाळेत सोडायले मी, आणायले मी. गावातल्या बाया म्हणून राह्यल्या, शालूबाई, या वयात पुन्हा चौथीत बसली का.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मी मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. पहिले वाटलं लिहायची जरूर नाही. खोटं कायले बोलू, लपवलीच. दहा तारखेले मधल्या सुट्टीत पुष्पी घरी आली आन ओट्यावर बसली, छातीवर हात. म्हणे आत्या, माझ्या आत कोणी पाण्याची मोटार चालू केली, बंद कर. मी हात लावून पाहिला. मुठीत चिमणीचं पिल्लू धरावं तसं फडफडत होतं. मी म्हटलं पळत आली असशील, पाणी पी. घंट्याभरात निवळलं. मी वांगे तोडायले निघून गेली. अशी मी आत्या.

दुसऱ्या प्रश्नाले मी "नाही, कोणी नाही" असं लिहूनही टाकलं होतं. वरचा कोपरा फाडलेला दिसते तो त्याचाच. मग हात थांबला. ती फडफड माझ्या हातानं ओळखली होती, वंदना. तशी छाती मी याआधीही हातानं पाहिली आहे. मी दहा वर्षांची होती.

तुमच्या शेताच्या बांधावर उंबराखाली शेंदूर लावलेला गोटा आहे, ज्याच्यापुढं तू लग्न झाल्यापासून दर अमावास्येले नारळ फोडते, तो आपला मुंजा. तो देव आहे, पण देव व्हायच्या आधी तो माझा मोठा भाऊ होता. भागवत नाव. सतरा वर्षांचा होता. शेतातून पळत आला का ओट्यावर बसायचा आन म्हणायचा, शाली, हात लाव पाह्य, आत कसं फडफडते. आम्हाले तो खेळ वाटायचा. त्या साली पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर पळताना पडला तो उठलाच नाही. तोंडाले फेस नाही, अंगावर साप-विंचवाचा डाग नाही. कोणी म्हणे नजर, कोणी म्हणे बाहेरचं. बाबा भगताकडं गेले. भगत म्हणे बिनलग्नाचं पोरगं आहे, मुंजा झालं, जागा द्या. जागा देली. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव बंद. देवाले कोणी नावानं हाक मारते का? माय रडायले लागली का बाबा म्हणायचे, देवासाठी रडू नये. मग तीही रडेनाशी झाली.

आपल्या घरचे बैल पोळ्यात कोणी पळवत नाही, हात लावून चालवत नेतात, हे तू पाहिलं असशील. तू एकदा विचारलंही होतं. मायनं रीत आहे म्हणून सांगितलं. रीत राह्यली, कारण गेलं.

गोकुळ तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याले फक्त गोटा माहीत. म्हणून डॉक्टरनं विचारलं तेव्हा तो खोटं बोलला नाही. त्याच्या लेखी घरात कोणी मेलंच नव्हतं. माहीत मले होतं. मले कोणी विचारलं नाही, आन मीही अडतीस वर्षं कोणाले सांगितलं नाही. डॉक्टरले हे सगळं सांग. भगताचं सांगू नको, हसतील. नाही, तेही सांग. आता काही ठेवून सांगायचं नाही.

पोरीले काही झालं तर मी काय करीन ते मले माहीत नाही.

माझ्यावर लोभ ठेवायचा का नाही ते तूच ठरव, मी मागणार नाही.

शालू


जळगाव जामोद,
२५ जानेवारी २०२५

ती. सौ. शालूताई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. आधी डॉक्टरांचं लिहिते. ते हसले नाहीत. भगताचंही पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, असं त्यांना खेड्यापाड्यांत बरेचदा भेटतं, कुठे साप म्हणतात, कुठे ऊन लागलं म्हणतात. सांगितलं हे फार चांगलं केलं म्हणाले. आता पुष्पीच्या हृदयाची तपासणी झाल्याशिवाय एकही गोळी नाही. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची आणि सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी करायची, तिला एको म्हणतात. आणि नुसती पुष्पीची नाही. हे आणि तुम्ही, दोघांचीही. गेलेल्या माणसाच्या सख्ख्या भावंडांनी करून घ्यायलाच पाहिजे, असं ते दोनदा म्हणाले. तुम्ही "मला काय धाड भरली" म्हणणार हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.

जालन्याच्या दवाखान्यात सहा फेब्रुवारीचा नंबर लावला. हे इकडून येतील. तुम्ही पुष्पीला घेऊन देऊळगाव राजाहून बस धरा, स्टँडवर भेट होईल. मला बाळामुळे येता येत नाही. हात बांधून घरी बसायचं म्हणजे काय ते मलाच माहीत.

आता माझं. मी चिडले आहे ताई. बारा वर्षं त्या उंबराखाली नारळ फोडला, पुष्पीच्या वेळी आणि या बाळाच्या वेळी ओटी भरली, आणि मला कोणी सांगितलं नाही की तिथे माझा दीर आहे. देवाला मी काय काय मागितलं. दिराला निदान जेवलास का असं तरी विचारलं असतं. राग तुमच्यावर नाही, तुम्ही दहा वर्षांच्या होतात. कोणावर आहे ते समजत नाही.

यांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, दिसायला कसा होता ते ताईने लिहिलं आहे का? तेवढं त्यांना लिहा.

आणि पोरीला काही झालं तर वगैरे मनात आणू नका. तुमचा हात त्या वेळी तिच्या छातीवर होता म्हणून आज आपण तपासणीला निघालो.

ममता आहे तशीच आहे, मागायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

आपली,
वंदना


दुसरबीड,
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वंदना हिस,
अनेक आशीर्वाद.

गोकुळनं फोनवर सगळं सांगितलं असेल, पण तो चार शब्दांचा माणूस. म्हणून बैजवार लिहिते.

पुष्पीचं हृदय एकदम चांगलं आहे. हे पहिले लिहिलं म्हणजे तू बाकीचं धीरानं वाचशील.

पहिले तिलेच आत घेतलं. मी सोबत. पोरीच्या छातीवर थंडगार चिकट लावलं आन एक यंत्र फिरवलं. समोरच्या टीव्हीत तिचं हृदय दिसत होतं. गोळी बंद असून पोरगी पंधरा मिनिटं जागची हलली नाही, डोळे मोठे करून पाहत राह्यली. म्हणे आत्या, आत कोणी टाळ्या वाजवून राह्यलं. डॉक्टरीणबाई हसल्या. भिंती बरोबर, झडपा बरोबर, पट्टी बरोबर. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्या म्हणे, बाई, लिहून देऊ का. मी म्हटलं द्या. देलं लिहून.

मग गोकुळ. तोही साफ.

मग मी. मी म्हटलं माझं राहू द्या, मी वीस किलोची टोपली डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत जाते. डॉक्टरीण म्हणे तेच तर पाहायचं आहे, झोपा. चिकट लावायच्या आधी सांगत जा म्हणून मी तिले झापली. मग ती यंत्र एकाच जागी फिरवत राह्यली. टीव्हीकडं पाहे, माझ्याकडं पाहे. मले तेव्हाच समजलं.

माझ्या हृदयाची एक भिंत जाड आहे. जन्माचीच असते म्हणे, कुळातून येते. भागवतदादाचीही तशीच असावी, पण आता खात्रीनं सांगता येत नाही. पळताना, वजन उचलताना अशा माणसाचे ठोके बिघडू शकतात. माझं त्यामानानं हलकं आहे. रोज एक गोळी, सहा महिन्यांनी तपासणी, टोपली बंद, पळणं बंद, आन पाणी भरपूर प्यायचं. मी विचारलं, त्या वेळी समजलं असतं तर माझा भाऊ वाचला असता का? ती म्हणे, तेव्हा तुमच्याकडं हे यंत्र कुठं होतं, कोणाचा दोष नाही. आज आहे आन तुम्ही आल्या. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. गोकुळ म्हणे काऊन रडून राह्यली. मी म्हटलं डोळ्यात साबण गेला. तो म्हणे इथं साबण कुठं आहे? जन्मात पहिल्यांदा गोकुळनं अक्कल चालवली.

त्याले सांग, दादा दिसायले त्याच्यासारखाच होता, फक्त उंच. वरचा एक दात वाकडा. हसला का हात आडवा धरायचा. गोकुळले खांद्यावर बसवून भर बाजारातून फिरवायचा आन ओरडायचा, आंबे घ्या आंबे. जालन्याच्या स्टँडवर सांगणार होती, तोंडातून निघालं नाही.

पुष्पीच्या औषधाले हृदयवाल्या डॉक्टरिणीनं हरकत नाही म्हणून लिहून देलं. बापाचं साफ आहे म्हणून तिचा धोका कमी, तरी काही वर्षांनी पुन्हा पाहायचं. अकोल्याच्या डॉक्टरनं नवी गोळी लिहिली, पहिल्यापेक्षा कमी ताकदीची. हळूहळू पाहून वाढवू म्हणे. धडधडलं, दुखलं, चक्कर आली का गोळी थांबवून ताबडतोब न्यायचं. आता एकाच डबीत तिची गोळी आन माझी, असं करू नका म्हणे, म्हणून दोन डब्या, एक लाल एक पिवळी. तिची जागं ठेवणारी, माझी ठोके हळू करणारी. उलटसुलट झालं तर घराचं नाटक होईल.

शेजारच्या रुक्मिणीबाईले कुठून वास लागला देव जाणे. आली, म्हणे तुमच्याकडं हुशारीची गोळी आहे म्हणतात, आमच्या संजीवनीची पोलीस भरती आहे, चार देता का, पोरगी रात्रभर अभ्यास करीन आन सकाळी पळीन. मी तिले ओट्यावर बसवलं आन सगळं सांगितलं, माझ्या भावापासून. ही गोळी ज्याच्या नावानं लिहिली त्याच्यासाठीच, बाकीच्यांसाठी ती जोखीम. तुझ्या पोरीले पळायचं आहे ना, मग पहिले तिची छाती तपासून आण. चहा न पिताच गेली. पण सिंदखेडराजाले नंबर लावला म्हणे.

तब्येत सांभाळ. आमच्यावरची माया अंगावरच्या दुधासारखी ठेव, मोजायची नाही.

तुझी,
शालू


जळगाव जामोद,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. शालूताई यांस,
सा. न. वि. वि.

पुष्पीबद्दलची ती एक ओळ वाचून मी बाळाला कडेवर घेऊन अंगणात नाचले. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, सून बिघडली.

पुढचं वाचून खाली बसले. ताई, आम्ही पोरीच्या जिवाला घाबरलो होतो आणि जीव तुमचा टांगणीला होता. तरी एक सांगते. माझ्या नणंदेचं काळीज जाड आहे हे मला लग्नाच्या मांडवातच कळलं होतं, डॉक्टरांना यंत्र लावावं लागलं. रागावू नका, रडून झाल्यावर लिहिते आहे. टोपली डोक्यावर घेतली असं पुन्हा कानावर आलं तर मी बाळासकट येऊन तुमच्या दारात बसेन. भाऊजींना सांगा, माळ घालणाऱ्याने बायकोचं ओझं उचललं तर पुण्यच लागतं.

दादांचा दात वाकडा असल्याचं वाचून हे आरशापुढे जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर गेले, मी मागून गेले. यांनी नारळ फोडला नाही. उंबराला टेकून बसले आणि मोठ्याने म्हणाले, भागवतदादा, मी गोकुळ. एवढंच. मग शेतात पाणी द्यायला लागले.

पुष्पीला कशी चालते आहे नवी गोळी? जेवण, झोप, वजन, सगळं लिहा. आणि स्वतःचंही लिहा, तेवढंच मोठं करून.

दोन्ही डब्यांवर आणि दोघींवर माझं लक्ष आहे असं समजा.

आपली,
वंदना


दुसरबीड,
१३ एप्रिल २०२५

चि. सौ. वंदना हिस,
अनेक आशीर्वाद.

मधल्या दोन महिन्यांचं तुले फोनवर थोडं थोडं सांगितलं, आन पाह्य, एकदाही फोन आपटला नाही. माझी गोळी ठोक्यांबरोबर रागही हळू करते का काय कोण जाणे.

पुष्पीचं वजन साडेचोवीस होतं, आता पंचवीसले टेकलं. दुपारी ती जेवत नाही, गोळीनं भूक मरते, म्हणून सकाळी तुपाची भाकर आन संध्याकाळी गोळी उतरली का पोटभर वरण-भात, शेंगदाण्याची चटणी, काय मागेल ते. झोप चांगली. नाडी दर महिन्याले पाहते. मॅडम म्हणे दहाचे तीन रेडिओ झाले. तीन चालतात म्हणे, आमच्याही डोक्यात तेवढे असतात.

आता परवाचं. गणिताचा पेपर होता. सकाळी उठल्यापासून घाई. यायची सायकल पंक्चर, दूध उतू गेलं, पाढे म्हणून घेता घेता पोरगी भाकर खाऊन शाळेत गेली. गोळी राह्यली. लाल डबी तशीच. साडेअकराले माझ्या ध्यानात आलं. माझं डोकं सरकलं. आज पेपर, आन आजच. डबी उघडली, गोळी पदराच्या गाठीत बांधली आन निघाली. पळत. हो, पळत. मले काही आठवलं नाही, डॉक्टरीण नाही, भिंत नाही. शाळेच्या फाटकापर्यंत गेली आन डोळ्यापुढं अंधारी आली. तिथंच पायरीवर बसली.

मॅडमनं खिडकीतून पाहिलं आन पुष्पीले घेऊन बाहेर आल्या. मी गाठ सोडली, म्हटलं घे, पाणी पी, पटकन गिळ, पेपर अर्धा बाकी आहे. पोरीनं गोळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणे आत्या, दुपारची घ्यायची नसते. राह्यली तर राह्यली, उद्या सकाळची घ्यायची. मी म्हटलं आज पेपर आहे. ती म्हणे मग काय झालं. आन खाली वाकून तिनं माझ्या छातीवर हात ठेवला. म्हणे तू पळत आली. तुले पळायचं नाही सांगितलं आहे. दहापर्यंत मोज, हळू मोज, मी थांबते. मी मोजलं. चौथी नापास पोरीसारखं मोजलं. ती उभी राह्यली, जोवर मी दहा म्हटलं नाही तोवर.

मग ती आत गेली. मॅडमनं तिले बाकावरून उठून खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहू देलं. पायरीवर बसून मले दिसत होतं. दोनदा बाहेर पाखरू पाहत बसली, एकदा पेन्सिलीले टोक करत राह्यली, एक गणित अर्धं सोडलं. पण वर्गातून गेली नाही. घंटा वाजेपर्यंत तिथंच होती. बिनगोळीचा दिवस तिनं असा स्वतः काढला.

मॅडम म्हणे मार्क येतील तेवढे येतील. मी म्हटलं मॅडम, मार्क तुमच्याजवळच ठेवा.

घरी दोघी हळूहळू चालत आलो. मी दुसऱ्या दिवशी जालन्याले जाऊन दाखवून आली, डॉक्टरिणीनं माझं काही ऐकून घेतलं नाही, पुष्पीचं ऐकलं. आता लाल आन पिवळी, दोन्ही डब्यांचं कुलूप पोरीसमोर उघडते, आन मी माझी गिळली का नाही ते ती तोंड उघडायले लावून पाहते. मायवर गेली आहे.

मे महिन्यात तिले घेऊन येते. बाळाले पाहायचं आहे, आन दादाच्या उंबराखाली बसायचं आहे. येताना मले गाडीत पोरीच्या शेजारची जागा हवी, खिडकी तिची.

तुझ्या पोरीनं माझ्याकडून आधीच वसूल केलेला लोभ आता परत मागू नको.

तुझी,
शालू